विश्लेषण : डिझेल ट्रकसाठी इंधन-दाबमापक कसा निवडावा? ब्रँड शेवटी, जागा आधी!

डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डवर वेग दिसतो, इंजिनाचे आरपीएम दिसतात, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान आणि टाकीत किती डिझेल उरले हेही दिसते. पण ते डिझेल टाकीतून निघून इंजिनाच्या मुख्य पंपापर्यंत पुरेशा दाबाने पोहोचते आहे का, हे बहुतेक ट्रकांत दिसत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असते, काटा ‘फुल’वर असतो, आणि तरीही पंपाच्या तोंडाशी डिझेलची टंचाई असू शकते. अमेरिकेत याचा फटका एका विशिष्ट ट्रकच्या मालकांना इतका बसला, की इंधनाचा दाब दाखवणारे गेज ही तिथे हौशी नव्हे, तर गरजेची खरेदी झाली. असे गेज घेताना चर्चा होते ती ब्रँडची, डायलच्या रंगाची आणि रात्री तो किती छान उजळतो याची. गेज कुठे जोडायचे, किती दाबापर्यंतचे घ्यायचे आणि डिझेल केबिनमध्ये येऊ द्यायचे की नाही, हे प्रश्न मागे राहतात. खरे तर पैसे वाचतात किंवा बुडतात ते याच तीन प्रश्नांवर.

हा प्रश्न नेमका कोणत्या ट्रकचा?

1998 च्या मध्यापासून 2002 पर्यंत विकल्या गेलेल्या डॉज रॅम 2500 आणि 3500 या पिकअप ट्रकांचा. आपल्याकडच्या टेम्पोपेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या या गाड्या घोड्यांचा ट्रेलर, बोट, शेतीची अवजारे किंवा फिरते घर ओढण्यासाठी घेतल्या जातात. त्यांचे इंजिन कमिन्सचे, 5.9 लिटरचे, सहा सिलिंडरांचे. कमिन्स हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. किर्लोस्करांबरोबरची त्यांची कंपनी पुण्यात 1962 मध्ये सुरू झाली, कोथरूडचा कारखाना आणि कर्वेनगरचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय तर शहराच्या पत्त्यांचा भाग झाले आहेत. याच 5.9 लिटर इंजिनाची भावंडे पुढे टाटांच्या ट्रकांतही बसली.

1998 पर्यंत या अमेरिकी ट्रकात जुन्या पद्धतीचा, पूर्णपणे यांत्रिक असा बॉशचा इनलाइन पंप होता. त्याला टाकीतून डिझेल आणून देणारा छोटा पंपही यांत्रिकच होता. या छोट्या पंपाला तिकडे लिफ्ट पंप म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री फीड पंप म्हणतात. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा तो पंप इंजिन फिरते तोवर काम करायचा. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजिनाला बाराऐवजी चोवीस व्हॉल्व्ह आले आणि मुख्य पंप बदलला. त्याच्या जागी बॉशचाच व्हीपी-44 हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा रोटरी पंप आला, आणि त्याला डिझेल पुरवण्यासाठी विजेवर चालणारा फीड पंप.

गोम इथे आहे. हा विजेचा छोटा पंप टाकीजवळ नव्हे, तर इंजिनाच्या ब्लॉकला खेटून बसवला होता. या जातीचे पंप डिझेल ढकलण्यात तरबेज असतात, लांबून ओढण्यात नाही. इथे त्याला मागच्या टाकीतून डिझेल ओढावे लागे, तेही इंजिनाची उष्णता आणि थरथर सोसत. हे पंप लवकर दमू लागले, काही तर अगदीच लवकर.

मोठ्या पंपाला डिझेल फक्त जाळण्यासाठी लागत नाही. व्हीपी-44 मधून जाणाऱ्या डिझेलपैकी बराच भाग इंजिनात न जाता टाकीकडे परततो. जाता-येता ते पंपाच्या आतल्या भागांना वंगण देते, आणि पंपाच्या माथ्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला थंड ठेवते. पुरवठा कमी झाला की आधी कपात होते ती या परतीच्या डिझेलमध्ये. इंजिनाला जाळण्यापुरते मिळत राहते. त्यामुळे ट्रक चालतो, ओढतोही, आणि चालकाला काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनर पी-0216 हा कोड दाखवतो. त्याचा अर्थ इंधन फवारण्याची वेळ पंपाला साधत नाही. अमेरिकेतले मिस्त्री याला मृत्यूचा कोड म्हणतात. नवा किंवा दुरुस्त केलेला व्हीपी-44 हजार डॉलरच्या पुढे जातो. त्याला उपाशी मारणारा फीड पंप त्याच्या काही अंश किमतीचा.

पंप नेमका कशाने मरतो यावर दुरुस्ती करणाऱ्यांत आजही एकमत नाही. काही जण कमी दाबाला दोष देतात, काही सर्किटच्या उष्णतेला, काही कमी गंधकाच्या डिझेलमध्ये घटलेल्या वंगणाला. हा वाद रंगतदार आहे, पण गेज घ्यावे की नाही हे त्यावर अवलंबून नाही. वंगण असो की थंडावा, दोन्ही वाहत्या डिझेलवरच चालतात आणि दाब हीच त्या प्रवाहाची सर्वात सोपी खूण आहे. या ट्रकात त्या नळीवर कंपनीने सेन्सर दिलेलाच नव्हता. म्हणजे महागडा स्कॅनर लावला तरी हा आकडा मिळत नाही, कारण तो ट्रकच्या संगणकालाच माहीत नसतो.

किती दाब पुरेसा?

आकडे ऐकून आश्चर्य वाटेल इतके लहान आहेत. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 32 पीएसआय हवा भरतात. व्हीपी-44 ला लागणारा दाब त्याच्या निम्माही नाही. इंजिन नुसते सुरू असताना 14-15 पीएसआय दिसला तर प्रकृती ठणठणीत. पूर्ण भाराखाली तो 10 च्या खाली जाऊ नये, हा जाणकारांचा ठोकताळा. आपल्याकडचे चालक ब्रेकच्या हवेचा दाब ‘किलो’त सांगतात. त्या हिशेबाने 10 पीएसआय म्हणजे पाऊण किलोही नाही.

यातला ‘भाराखाली’ हा शब्द महत्त्वाचा. थकलेला पंप गॅरेजच्या दारात उभ्या ट्रकमध्ये व्यवस्थित 14 दाखवू शकतो. तोच ट्रक पाठीमागे ट्रेलर घेऊन कोलोरॅडोतल्या आय-70 महामार्गावर, समुद्रसपाटीपासून 11 हजार फुटांहून उंचावर असलेल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढू लागला, की इंजिनाची मागणी वाढते आणि काटा तीन-चारवर येतो. म्हणून बॉनेट उघडून केलेली तपासणी अर्धीच खरी. दाब दिसायला हवा तो चालकाला, चढणीवर, पाय दाबलेला असताना. बॉनेटखाली बसवलेले सुंदर गेज आणि केबिनमध्ये काहीच नाही, ही खरेदी इथेच बाद होते.

जोडायचे कुठे?

डिझेलचा मार्ग असा : टाकी, फीड पंप, फिल्टर, मग मुख्य पंप. गेजची नळी या मार्गावर कुठेही जोडली तरी काटा हलतो. पण प्रत्येक ठिकाणी तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. फिल्टरच्या आधी जोडले तर फीड पंपाची ताकद कळते. फिल्टर चोंदला असेल तर तिथला दाब उलट वाढलेला दिसतो. म्हणजे मुख्य पंप उपाशी, आणि काटा सांगतोय की सगळे छान आहे! फिल्टरनंतर, मुख्य पंपाच्या अगदी तोंडाशी जोडले तर त्या पंपाला प्रत्यक्षात काय मिळते ते कळते. वाचवायचा आहे तो मुख्य पंप. तेव्हा एकच गेज घेणार असाल तर ते इथेच हवे.

तिथे जोडणी करण्याचे मार्ग दोन. पाइपच्या टोकाला असलेल्या पोकळ बोल्टला, ज्याला बँजो बोल्ट म्हणतात, आटे पाडून घेतलेला तयार बोल्ट मिळतो. तो मूळ बोल्टच्या जागी बसतो आणि त्याच्या डोक्यातून गेजची नळी निघते. दुसरा मार्ग कंपनीने चाचणीसाठी ठेवलेल्या तोंडाचा. ते टायरच्या व्हॉल्व्हसारखे दिसते. चाचणीपुरते ते ठीक, कायमच्या जोडणीला बोल्ट बरा. जोडताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय मात्र सोडावी. टेपचे धागे सुटून पंपात गेले तर ज्याला वाचवण्यासाठी खटाटोप केला त्यालाच इजा. त्याऐवजी डिझेलला टिकणारे द्रव सीलंट वापरतात.

ज्यांना खर्च परवडतो ते दोन ठिकाणांहून दाब घेतात, फिल्टरच्या आधी आणि नंतर. दोन आकड्यांतला फरक वाढत चालला की फिल्टर चोंदतोय, दोन्ही आकडे एकत्र खाली आले की फीड पंप जातोय किंवा टाकीकडची नळी तुंबली आहे. चांगला उपाय आहे, पण सर्वांनी करावा असा नाही. वेळेवर फिल्टर बदलणाऱ्याला एक काटा पुरतो.

किती दाबापर्यंतचे गेज?

दुकानात 0 ते 15, 0 ते 30, 0 ते 60 आणि 0 ते 100 पीएसआय अशी गेज मिळतात आणि बरेच जण ‘जास्त ते चांगले’ म्हणून 100 चे घेतात. त्यावर 9 आणि 12 यांत केसभराचे अंतर दिसते. ज्या तीन पीएसआयवर हजार डॉलरचा पंप अवलंबून आहे, तेच या गेजवर वाचता येत नाहीत. उलट टोकाला 0 ते 15 चे गेज. त्याचा काटा चांगल्या पंपावर शेवटच्या खुंटीला टेकून राहतो, आणि नंतर बाजारातला जास्त दाबाचा पंप बसवला तर कायमचा टेकतो. व्हीपी-44 साठी 0 ते 30 हाच मध्य योग्य. काटा डायलच्या मध्यावर राहतो आणि खाली सरकलेला एका नजरेत कळतो.

पण हा आकडा फक्त याच ट्रकाचा आहे, आणि इथेच शेजाऱ्याचे पाहून गेज घेणारे फसतात. त्याच डॉजचे 1998 च्या आधीचे, इनलाइन पंपाचे मॉडेल असेल तर दाब साधारण दुप्पट. तिथे 0 ते 60 चे गेज लागते. फोर्डच्या 2003 ते 2007 च्या 6.0 लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात किमान 45 पीएसआय हवा. तो घसरला की किंमत मुख्य पंप नव्हे, तर इंजेक्टर मोजतात, आणि ते आठ असतात. तिथे 0 ते 100 चे गेजच बरोबर. जनरल मोटर्सच्या 2001 च्या ड्युरामॅक्स इंजिनाची तर गंमतच. त्यात फीड पंपच नाही. मुख्य पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे फिल्टरच्या बाजूला दाब नसतोच, ओढ असते. तिथे दाबाचे गेज लावले तर काटा आयुष्यभर शून्यावर बसेल. तिथे लागते ते व्हॅक्युम गेज, पाऱ्याच्या इंचांत मोजणारे. काटा जितका चढेल तितका फिल्टर चोंदलेला.

आणखी एक घोटाळा रेलच्या दाबाचा. 2003 पासून डॉजमध्येही कॉमन रेल इंजिन आले. त्यातल्या रेलमध्ये डिझेल 1,600 बारपर्यंत, म्हणजे 23 हजार पीएसआयहून अधिक दाबाने दाबलेले असते. तो दाब संगणकाचा सेन्सर मोजतो, आणि डॅशबोर्डवर चिकटवायच्या डिजिटल पडद्यावर तो दिसू शकतो. अनेक जण हा पडदा घेऊन ‘फ्युएल प्रेशर दिसते’ म्हणून निश्चिंत होतात. पण रेलचा दाब टिकवण्यासाठी मोठा पंप शेवटपर्यंत झगडतो. टाकीच्या बाजूची टंचाई त्या आकड्यात लवकर उमटत नाही. या दोन दाबांत नाव सोडले तर साम्य नाही, आणि ज्या गेजविषयी इथे चर्चा चालली आहे ते कमी दाबाच्या बाजूचे आहे.

यांत्रिक की इलेक्ट्रिक?

गेजच्या निवडीतला सर्वाधिक तावातावाने खेळला जाणारा वाद हा. यांत्रिक गेजच्या पोटात एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि त्या हालचालीवर काटा फिरतो. युजीन बुर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने 1849 मध्ये तिचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षांत तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही, यातच तिचा भरवसा आला. तिला वीज लागत नाही, ती बहुधा अचूक असते आणि स्वस्तही.

अडचण अशी, की या गेजपर्यंत प्रत्यक्ष डिझेल न्यावे लागते. म्हणजे इंजिनापासून केबिनमध्ये, चालकाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, दाबाखालच्या डिझेलची बारीक नळी. ती बहुधा नायलॉनची असते. पत्र्याच्या भोकात घासून किंवा जोडापाशी सैल होऊन ती गळली तर डिझेल गालिच्यावर आणि कपड्यांवर येणार. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही हे खरे, पण म्हणून ते केबिनमध्ये आणावे असे नाही. पेट्रोलवाहनात तर ही नळी केबिनमध्ये नेणे सरळसरळ धोक्याचे.

त्यावर तोडगा आयसोलेटरचा. ही लोखंडी डबी इंजिनाच्या कप्प्यात बसते. तिच्या मध्ये रबरी पडदा, एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला कूलंट. डिझेल पडद्याला ढकलते, पडदा कूलंटला, आणि केबिनमध्ये जाते ते फक्त कूलंट. गळले तरी थोडे हिरवे पाणी. कल्पना साधी आहे, पण भरताना संयम लागतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दबतो, पडदा टोकाला जाऊन अडतो, आणि काटा कमी दाखवतो. ‘नव्या गेजने पहिल्याच दिवशी पंप खराब सांगितला’ अशी तक्रार झाली की आधी हा बुडबुडा शोधावा.

इलेक्ट्रिक गेजमध्ये सेन्सर इंजिनापाशी राहतो आणि केबिनमध्ये येते ती तार. गळतीचा प्रश्न मिटतो. पण व्हीपी-44 ची एक वाईट खोड आहे. त्याचा झडपेचा सोलेनॉइड सतत उघड-मीट करतो आणि प्रत्येक वेळी दाबाचा धक्का नळीतून मागे येतो. घरातला नळ एकदम बंद केल्यावर पाइपात ठोका ऐकू येतो, तसाच. हा ठोका सेकंदाला कित्येकदा बसतो आणि थेट बोल्टवर आवळलेला सेन्सर काही महिन्यांत खुळखुळा होतो. ‘इलेक्ट्रिक गेज टिकत नाही’ हा समज यातूनच आला. दोष गेजचा कमी आणि बसवण्याचा जास्त.

उपाय महाग नाही. सेन्सर बोल्टवर न बसवता फूटभर लवचीक होजच्या टोकाला, बॉडीच्या पत्र्यावर बसवावा आणि मध्ये स्नबर म्हणजे अतिबारीक छिद्राचा तुकडा घालावा. होज आणि छिद्र मिळून ठोका गिळतात. काही जण स्नबरऐवजी छोटा नीडल व्हॉल्व्ह लावून तो किंचित उघडा ठेवतात. त्यात एक धोका आहे. व्हॉल्व्ह चुकून पूर्ण बंद झाला तर आतला दाब अडकून राहतो आणि काटा मेलेल्या पंपावरही 15 दाखवत बसतो. शिवाय सेन्सर रबरी होजवर आला की त्याचा अर्थिंगचा मार्ग तुटतो. एकाच तारेच्या सेन्सरला स्वतंत्र अर्थ द्यावा लागतो. नाही दिला तर गेज बरळते.

मग घ्यावे कोणते? केबिनमध्ये कायम ठेवायचे असेल तर स्नबर आणि होजसह इलेक्ट्रिक गेज ही अधिक शहाणपणाची निवड. त्यातही काटा पाव वर्तुळात फिरणाऱ्या स्वस्त गेजपेक्षा जवळपास पूर्ण वर्तुळात फिरणारे बरे, कारण दोन-तीन पीएसआयचा फरक त्यावर स्पष्ट दिसतो. स्वतः हाताने काम करण्याची आवड आणि वेळ असेल त्याने आयसोलेटरसह यांत्रिक गेज घ्यायला हरकत नाही. आयसोलेटरशिवाय केबिनमध्ये यांत्रिक गेज नको, ते कितीही नामांकित कंपनीचे असले तरी. ग्लिसरिन भरलेली गेज कारखान्यात शोभतात. बंद डबीतले द्रव बॉनेटखाली तापले की डबीतला दाब वाढतो आणि कमी रेंजचा काटा खरे सांगेनासा होतो.

या सगळ्याहून स्वस्त वस्तूकडे ग्राहकांचे सहसा लक्ष जात नाही. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की लाल दिवा पेटवणारा साधा प्रेशर स्विच. रात्री, पावसात, पाठीमागे दहा टन ओढताना चालक गेजकडे किती वेळा पाहील? काटा आणि दिवा दोन्ही असतील तर उत्तम. आणि दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील, गाडीही पगारी चालकाच्या हाती असेल, तर दिवा घ्यावा.

गेज बसवल्यावर पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवावेत : थंड इंजिन, गरम इंजिन, सपाट रस्ता, चढ. नंतर महत्त्वाचा असतो तो बदल. हळूहळू घसरणारा आकडा बहुधा फिल्टरचा, एका आठवड्यात कोसळलेला बहुधा पंपाचा, आणि थरथरणारा काटा नळीत हवा शिरल्याचा.

पण हे कंपनीनेच का दिले नाही?

कंपन्यांची बाजू अशी, की सामान्य ग्राहकाला जास्त काटे दिले तर तो घाबरतो. काटा थोडा हलला की सर्व्हिस सेंटर गाठतो. ही भीती काल्पनिक नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या अनेक गाड्यांत ऑइल प्रेशरचा काटा दिसायला काटा होता, प्रत्यक्षात मागे फक्त स्विच. किमान दाब असला की काटा बरोबर मध्यावर उभा, नसला की शून्यावर. मधले काही नाही. ग्राहक समाधानी, तक्रारी कमी.

मोटारीच्या बाबतीत हा युक्तिवाद एक वेळ पचेल. ओझे ओढण्यासाठीच विकलेल्या ट्रकात तो पचत नाही. छोटा पंप दगा देतो हे लक्षात आल्यावरही मालकाच्या हाती दिसणारे काही आले नाही. पंप बदलून मिळत होता, पुढे तो टाकीत बसवण्याचीही सोय झाली, पण तो काम करतोय की नाही हे सांगणारा साधा दिवाही नाही. वॉरंटी संपल्यावर पंपाचे बिल मालकाच्या माथी, आणि ज्या आकड्याने ते टळले असते तो मात्र त्याने स्वतः शंभर-दीडशे डॉलर खर्चून, इंधनाच्या नळीला छेद देऊन मिळवायचा. हा व्यवहार बरोबरीचा नव्हे.

आपल्या ट्रकांना हे गेज हवे का?

महाराष्ट्रातल्या चालकाला काट्यावर विसंबून राहण्याचे महत्त्व पटवावे लागत नाही. एअर ब्रेकच्या ट्रकात हवेचा काटा पुरेसा चढल्याशिवाय कोणी गाडी हलवत नाही, आणि घाटात उतरताना नजर त्यावर असतेच. हवा कमी झाली तर बझर वाजतो. डिझेलच्या बाबतीत अशी सोय जुन्या ट्रकांत नव्हती, पण तिथे इनलाइन पंप दणकट होते, फीड पंप यांत्रिक, आणि त्याच्यावरच हाताने दाबायचा प्रायमर. ‘गाडीने एअर घेतली’ की चालक रस्त्याच्या कडेला प्रायमर मारून, स्क्रू ढिला करून हवा काढतो आणि पुढे जातो. दाब त्याला तळहाताला कळतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि नव्या ट्रकांत हा हातखंडा उपाय पुरेनासा झाला. कॉमन रेल पंपातले आणि इंजेक्टरमधले भाग इतक्या बारीक अंतराने बसवलेले असतात, की पाणी, घाण किंवा उपासमार ते सोसत नाहीत, आणि एका इंजेक्टरचे बिल ट्रकच्या महिन्याच्या हप्त्याशी स्पर्धा करते. म्हणून अमेरिकेतले गेज मागवून बसवावे, असे मात्र नाही. आपल्याकडच्या अनेक इंजिनांत टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते. तिथे दाबाचे गेज लावणे म्हणजे ड्युरामॅक्सवाल्याची चूक करणे. शिवाय वॉरंटीतल्या ट्रकच्या इंधनाच्या नळीत बाहेरून जोड दिला, तर पुढच्या प्रत्येक बिघाडाचे खापर त्या जोडावर फुटू शकते. अशा ट्रकमालकाने जोडापेक्षा प्रत्येक सर्व्हिसला दोन गोष्टी मागून घ्याव्यात : फिल्टरआधी किती ओढ आहे आणि फिल्टरनंतर किती दाब, याचे आकडे जॉबकार्डावर लिहून. वॉरंटी संपलेल्या ट्रकात कायमचे गेज बसवायचे असेल, तर मिस्त्रीला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की या इंजिनात फीड पंप टाकीकडून ओढतो की टाकीतूनच ढकलतो. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय गेजच्या दुकानात जाऊ नये.